भरती नसलेल्या पाण्यात जहाज मोडायचं कसं?

गुजरातमधल्या अलंगची जहाज मोडायची पद्धत आपल्याकडे बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असते. खंबातच्या आखातात भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. मोठ्या भरतीला जहाज वेगात किनाऱ्यावर घुसवायचं, पाणी उतरलं की ते चिखलात बसतं, आणि मग गॅसकटर घेऊन माणसं त्याच्यापर्यंत चालत जातात. मुंबईच्या दारूखान्यातही भरतीचाच आधार घेतात. एरवी तिथं लहान जहाजं येतात, पण 2014 साली नौदलाची जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ही तिथंच मोडली.

उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवर मात्र ही युक्ती चालत नाही. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ ही सरोवरं समुद्राएवढी वाटली, तरी त्यांच्यात भरती-ओहोटीचा फरक पाच सेंटिमीटरसुद्धा नसतो. तिथं लोहखनिज, कोळसा, चुनखडी, मीठ आणि धान्य वाहणाऱ्या जहाजाला ‘लेकर’ म्हणतात. मराठी कानाला हे लेकरासारखं ऐकू येतं, पण हे लेकरू सहज 730 फूट लांब असतं आणि सगळ्यांत मोठी 1,000 फुटांच्या पुढे जातात. एवढं धूड किनाऱ्यावर चढवायला पाणी मदत करत नाही, म्हणून त्याचा बराचसा भाग तरंगत असतानाच मोडावा लागतो. तरंगत्या वस्तूतून काहीही काढलं की तिचा तोल बदलतो. या कामातली निम्मी अक्कल तोल सांभाळण्यात खर्च होते.

गंज नव्हे, हिशेब

समुद्रावरचं मालवाहू जहाज साधारण 25-30 वर्षांत भंगारात निघतं, कारण खारं पाणी पोलाद खातं. सरोवरांचं पाणी गोडं असल्यामुळे तिथं पन्नाशी ओलांडलेलं जहाज कामावर असणं नवलाचं नाही. ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ 1906 साली पाण्यात उतरलं आणि 2013 पर्यंत स्वतःच्या इंजिनावर चाललं. तेव्हाही ते भंगारात गेलं नाही. मागचा इंजिनाचा आणि खलाशांच्या खोल्यांचा भाग कापून त्याचा बार्ज, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेला मालवाहू तराफा केला, आणि तो टगबोट ढकलू लागली. बार्जला माणसं कमी लागतात, त्यामुळे पगाराचा खर्च उतरतो.

गंमत अशी, की गोड्या पाण्यातल्या या जहाजांना मीठ आतून खातं. ह्युरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच इथं सरोवराच्या तळाखाली मिठाची प्रचंड खाण आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरायचं मीठ तिथून निघतं आणि याच जहाजांतून जातं. ज्या जहाजानं वर्षानुवर्षं मीठ वाहिलं, त्याच्या पोटातले पत्रे बाहेरच्या पत्र्यांपेक्षा वाईट अवस्थेत सापडतात.

तरीही शेवट ठरवतो तो हिशेबच. दर पाच वर्षांनी जहाज सुक्या गोदीत घेऊन तपासावं लागतं. कुठल्या प्लेटची जाडी किती उरली हे मोजतात आणि पातळ झालेल्या बदलायला सांगतात. त्या तपासणीच्या तोंडावर मालक विचारतो, की इतका खर्च करून हे जहाज अजून कमावणार किती? जुनं वाफेचं टर्बाइन इंधन जास्त पितं. माल उपसायला धक्क्यावरची यंत्रं लागणारी जहाजं मागे पडली, कारण पोटाखालच्या पट्ट्यावरून माल उचलून लांब बूमनं, म्हणजे डेकवरच्या लांब हातानं, थेट काठावर ओतणारी ‘सेल्फ-अनलोडर’ जहाजं आली. त्यांना धक्क्यावर ना क्रेन लागते ना माणसं.

धोरणंही जहाजं मारतात किंवा तगवतात. परदेशी बनावटीच्या मोठ्या मालवाहू जहाजांवरचं 25 टक्के आयातशुल्क कॅनडानं 2010 साली उठवलं. मग कंपन्यांनी चीनमधल्या गोद्यांत नवी जहाजं बांधून घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या कॅनेडियन जहाजांची भंगाराकडे रांग लागली. अमेरिकेत जोन्स कायदा आहे. देशातल्या देशात माल वाहणारं जहाज अमेरिकेतच बांधलेलं पाहिजे, आणि ते फार महाग पडतं. म्हणून अमेरिकन मालक जुन्याच जहाजाला नवं डिझेल इंजिन बसवून ते पुढे रेटतात. 1983 नंतर सरोवरांसाठी अमेरिकेत बांधलेलं पहिलं मोठं मालवाहू जहाज ‘मार्क डब्ल्यू. बार्कर’ थेट 2022 साली आलं.

24 मीटरची फट

जहाज विकायचं ठरलं की भाव ‘हलक्या वजनावर’ होतो, म्हणजे माल, इंधन आणि पाणी वगळून नुसत्या जहाजाच्या वजनावर. पण गिऱ्हाईक कोण, हे बऱ्याचदा जहाजाची रुंदी ठरवते.

सरोवरांतून समुद्राकडे जायची वाट ईरी आणि ऑन्टॅरिओ यांच्यामधल्या वेलंड कालव्यातून जाते. या दोन सरोवरांच्या पातळीत सुमारे 99 मीटरचा फरक आहे आणि तो आठ लॉकमधून उतरावा लागतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. जहाज आत घ्यायचं, पाणी सोडायचं, जहाज खाली उतरतं. या हौदांत जास्तीत जास्त 740 फूट लांब आणि 78 फूट, म्हणजे जेमतेम 24 मीटर, रुंद जहाज मावतं. सुपीरियरच्या तोंडाशी सू लॉक्समधला पो लॉक मात्र 1,200 फूट लांब आणि 110 फूट रुंद आहे. त्याच्या मापानं बांधलेली हजारफुटी जहाजं वरच्या चार सरोवरांत जन्मभर कोंडलेली असतात. त्यांना भंगारात जायचं झालं तरी तिथंच जावं लागणार.

‘सेंट क्लेअर’ 770 फूट लांब आणि 92 फूट रुंद होतं. फेब्रुवारी 2019 मध्ये टोलेडोला हिवाळी मुक्कामात असताना ते आगीत होरपळलं. दुरुस्ती परवडणारी नव्हती आणि कालव्यातून बाहेर काढणंही शक्य नव्हतं. ते ईरीवरच्याच पोर्ट कोलबोर्नला गेलं. कालव्याच्या वरच्या तोंडाशी असलेलं हे कॅनेडियन गाव जहाजमोडणीचं जुनं ठिकाण आहे.

अरुंद जहाजांना दुसरी वाट मोकळी असते. टगबोटीमागे बांधून अटलांटिक ओलांडायचा आणि तुर्कस्तानात अलियागाच्या जहाजमोडणीला पोहोचायचं. मॉन्ट्रियलपासून हे अंतर ढोबळमानानं 4,800 सागरी मैल आहे. ताशी सहा मैलांनी ओढलं तर दिवसाला 144 मैल होतात, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी महिना जातो. तिथं भाव चांगला मिळतो, पण त्यातून टगबोटीचं भाडं, विमा आणि कालव्याचे पैसे वजा होतात. मोठं जहाज असेल तरच हे गणित जमतं.

ओढण्याआधीची तयारी कंटाळवाणी असते, आणि घात नेमका तिथंच होतो. समुद्राचं पाणी आत घेणारी सगळी तोंडं बाहेरून पोलादी पट्टी लावून वेल्ड करायची. नुसत्या झडपेवर भरवसा ठेवायचा नाही, कारण बंद जहाजात झडप गळायला लागली तर बघायला कोणी नसतं. मालाच्या झाकणांचे सगळे क्लॅम्प आवळायचे. हे काम लहान नाही. 1975 साली बुडालेल्या ‘एडमंड फिट्झगेराल्ड’वर 21 झाकणं होती आणि प्रत्येकाला 68 क्लॅम्प. सुकाणू मधोमध आणून जखडायचं आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा फिरू नये म्हणून अडकवायचा. पुढे साखळदंडाचा दुपाखी फास लावायचा आणि शिवाय एक राखीव दोर आधीच लावून ठेवायचा. मुख्य दोर तुटला तर हा दुसरा टगबोटीला पाण्यातून उचलता आला पाहिजे.

दोर तुटतात. ‘कॅनेडियन मायनर’ हे 1966 सालचं 730 फुटी जहाज 2011 मध्ये तुर्कस्तानकडे निघालं. जाताना नावातला ‘कॅनेडियन’ रंगानं झाकून नुसतं ‘मायनर’ ठेवलं. शेवटच्या सफरीसाठी नवं नाव रंगवायचे पैसे कोण घालवतो? 20 सप्टेंबरला नोव्हा स्कोशियाजवळ वादळी समुद्रात दोर तुटला आणि ते स्कॅटरी बेटाच्या खडकांवर जाऊन बसलं. ते काढायचं कोणी, यावर प्रांत आणि केंद्र सरकार बराच काळ भांडत राहिले. शेवटी प्रांतानं एक कोटी कॅनेडियन डॉलरहून जास्त खर्च करून 2015 पर्यंत ते जागेवरच कापून उचललं. कापायला घेतल्यावर अॅस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता अडवणारा पण घातक तंतूंचा पदार्थ, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघालं. जवळच्या गावचे लोक लॉबस्टरच्या मासेमारीवर जगतात. चार वर्षं त्यांच्या पाण्यात हे प्रेत पडून होतं.

यात जहाजाच्या बांध्याचाही भाग आहे. लेकर लांब आणि सडपातळ असतं, आणि त्याची घडण सरोवराच्या आखूड लाटांसाठी केलेली असते. समुद्राची लांब लाट त्याला दोन टोकांवर उचलते आणि मधला भाग खाली लोंबतो. पुढच्या क्षणी शिखर मधोमध येतं आणि दोन्ही टोकं खाली झुकतात. म्हणून अशी सफर उन्हाळ्याच्या शांत दिवसांत उरकायची. सप्टेंबर उजाडला की अटलांटिकचा भरवसा धरू नये.

धक्क्याला लागल्यावर

आता पोर्ट कोलबोर्नसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला बांधलं असं धरू. गॅस पेटवायला अजून बराच अवकाश असतो.

आधी टाक्यांतलं उरलेलं इंधन, तळाचा तेलकट गाळ, बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी आणि शीतकरणाचा वायू काढून घ्यायचा. जहाजाभोवती पाण्यात तेल अडवणारा तरंगता पट्टा आधीच टाकलेला असतो. मग अॅस्बेस्टॉस. वाफेच्या जहाजात बॉयलर, वाफेचे पाइप आणि टर्बाइनचं आवरण यांच्याभोवती ते गुंडाळलेलं असतं. खलाशांच्या खोल्यांच्या भिंतींत आणि पाइपांच्या गॅस्केटमध्येही सापडतं. ती जागा प्लॅस्टिकनं बंदिस्त करायची, आतली हवा फिल्टरमधून बाहेर ओढत राहायची, माल ओला करून सोलायचा आणि दुहेरी पिशव्यांत भरायचा. कोरडं खरवडलं तर तंतू हवेत मिसळतात आणि त्याची किंमत कामगाराचं फुप्फुस वीस-तीस वर्षांनी चुकवतं. जुन्या विजेच्या केबलींत, ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि काही रंगांत पीसीबी ही विषारी रसायनं असतात. अमेरिकेतून पीसीबी असलेला माल बाहेर पाठवायला बंदी आहे, म्हणून जुन्या अमेरिकन जहाजाच्या निर्यातीत हा मुद्दा हमखास आडवा येतो.

जहाजमोडणीचा हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून जगभर लागू झाला. जहाजावर घातक पदार्थ कुठं आणि किती आहेत याची यादी त्यानं सक्तीची केली. पण जे जहाज जन्मभर स्वतःच्याच देशाच्या पाण्यात चाललं, ते या करारातून सुटतं. सरोवरांवर हा बारकावा महत्त्वाचा आहे. यादी केलेली असेलच असं धरून चालू नये, नमुने घेऊन तपासायचं.

बंद टाक्यांचा धोका डोळ्यांना दिसत नाही. पोलाद गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. अनेक वर्षं झाकण बंद असलेल्या बॅलास्ट टाकीत (तोल राखायला पाणी भरायच्या टाकीत) वास नसतो, धूर नसतो आणि पुरेसा ऑक्सिजनही नसतो. माणूस शिडी उतरतो आणि तळाशी कोसळतो. दुसरा त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो. म्हणून आधी पंखा लावून हवा खेळवायची, मग मीटर. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. 22 टक्क्यांच्या वर गेला तर गॅस पेटवायचा नाही, कारण तेवढ्या ऑक्सिजनमध्ये कपडेसुद्धा भडकतात. नळीतून रात्रभर गळालेला ऑक्सिजन सकाळी असाच साठून राहिलेला असतो. सुट्टी झाली की नळ्या टाकीबाहेर काढायच्या, हा नियम त्यावरूनच आला.

सेल्फ-अनलोडरमध्ये पोटाखालचा रबरी पट्टा कापणीआधी बाहेर काढायचा. शेकडो मीटर रबर, त्यावर कोळशाची भुकटी, आणि वरून ठिणग्यांचा पाऊस! एकदा पेटलं की बोगद्यासारख्या त्या जागेत आग विझवायला शिरताही येत नाही. तळाशी लोहखनिजाच्या बारीक गोळ्या विखुरलेल्या असतात, गोट्यांसारख्या. पाय त्यांच्यावर पडला की माणूस आडवा. कापणीआधी त्या झाडून घेणं हेही सुरक्षेचंच काम.

याच टप्प्यावर विकण्याजोगं सगळं उतरतं. जनरेटर, जहाज आडवं सरकवणारा पुढचा थ्रस्टर, पंप, कधी अख्खा बूम त्याच बनावटीच्या चालू जहाजांसाठी जातो. घंटा, चाक आणि गोल खिडक्यांना शौकीन लोक भंगारापेक्षा जास्त पैसे देतात. कधी सुकाणूघरच्या सुकाणूघर जातं. ‘विल्यम क्ले फोर्ड’चं डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. 1924 सालच्या ‘बेन्सन फोर्ड’चा पुढचा अख्खा मजलेदार भाग 1986 मध्ये ईरी सरोवरातल्या साउथ बास बेटावरच्या कड्यावर नेऊन ठेवला, आणि त्यात लोक राहतात.

वरून खाली

कापायचा क्रम ठरलेला असतो. वरचं आधी, तळ शेवटी. मजले, धुराडं आणि बूम गेलं की डेकवरच्या झाकणांच्या चौकटी, मग डेक, मग बाजूचे पत्रे. खाली उरतो तो दुहेरी तळ. दोन तळांच्या मध्ये हवाबंद कप्पे असल्यामुळे तो एखाद्या भल्या मोठ्या परातीसारखा तरंगत राहतो.

तरंगतं जहाज लांबलचक तुळईसारखं असतं. डेक आणि तळ हे तिचे वरचे-खालचे पट्टे. इंजिन मागच्या टोकाला असल्यामुळे तिथं वजन जास्त, आणि रिकामं पोट मध्ये वर उचललं जातं. अशात डेक मधोमध कापलात तर वरचा ताण घेणारा पट्टाच गेला, आणि उरलेल्या बाजूच्या पत्र्यांत चीर धावते. म्हणून जड वस्तू आधी हलक्या करायच्या, डावी-उजवी बाजू सारखीच उतरवत न्यायची, आणि बॅलास्टचं पाणी भरून-उपसून तोल राखायचा. रोज सकाळी दोन्ही टोकांना पाणी कुठवर आलंय ते वाचायचं. रात्रीत एक टोक चार बोटं जरी खाली गेलं, तरी आधी गळती शोधायची आणि मगच गॅस पेटवायचा.

गॅसकटर लोखंड वितळवतो असा समज आहे. खरं तर तो लोखंड जाळतो. प्रोपेनच्या ज्योतीनं एक बिंदू साधारण 900 अंशांपर्यंत लालबुंद करायचा आणि मग शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड पेट घेतं आणि झोत जळालेली राख खाली उडवतो. यावरून काय कापलं जाणार नाही तेही कळतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असं जळत नाही. जुन्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर बिडाचे असतात, ते जड गोळा वरून टाकून फोडावे लागतात. रिव्हेट ठोकून जोडलेल्या जहाजात वेगळीच पंचाईत. तिथं दोन प्लेट एकमेकींवर चढवलेल्या असतात आणि मध्ये गंजाची फट. झोत पहिली प्लेट कापतो, फटीत पसरतो आणि दुसरी नुसती तापते. अशा ठिकाणी जोड टाळून बाजूनं कापायचं.

कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना निदान दहा सेंटिमीटर रंग खरवडून काढायचा, विशेषतः बंदिस्त जागेत. जुन्या लाल रंगात शिसं असतं आणि ज्योतीखाली त्याचा धूर होतो. उघड्यावर हे पाळलं जात नाही तिथं किमान हवा पुरवणारा मुखवटा तरी हवा. रुमाल बांधून शिशाचा धूर अडत नाही.

क्रेनचे अपघात बहुतेकदा वजनाच्या अंदाजात होतात. तुकडा कागदावर आठ टनांचा असतो, पण त्याच्या कप्प्यात गाळ किंवा साचलेलं पाणी असतं. पोर्ट कोलबोर्नच्या हिवाळ्यात त्या पाण्याचा बर्फ होतो, भोक पाडूनही ओघळत नाही आणि तुकडा बारा टनांचा होऊन बसतो. दुसरी चूक शेवटच्या बोटभर कापाची. पोलादात जुने ताण दडलेले असतात. तो शेवटचा धागा सुटला की तुकडा झोके घेत कुठल्याही बाजूला जातो. कापणाऱ्यानं कुठं उभं राहायचं हे काप सुरू करण्याआधी ठरवायचं. थंडीत प्रोपेनच्या टाकीतला दाबही उतरतो, ज्योत मंदावते, काप अर्धवट राहतो आणि परत गरम करताना ऑक्सिजन वाया जातो.

परात ओढायची

पुष्कळसं वजन उतरलं की एक टोक वर येऊ लागतं. तेव्हा काठावरच्या उतारावरून कप्प्यांमधून (पुलींमधून) फिरवलेल्या जाड तारदोरांनी आणि विंचनी ते थोडं वर ओढायचं. कोरड्यावर आलेला भाग कापायचा. तो गेला की उरलेलं अजून हलकं होतं, मग पुन्हा ओढायचं. भरतीचं काम अशा रीतीनं कप्प्या आठवडेच्या आठवडे करत राहतात. पाण्यात राहिलेल्या भागाचं टोक नेहमी अखंड आडभिंतीशीच, म्हणजे जहाजाच्या आतल्या पाणीबंद आडव्या भिंतीशीच, संपलं पाहिजे. भिंतीच्या पलीकडे एक फूट जरी कापलं, तरी पाणी आत.

काठावर एक्सकॅव्हेटरला बसवलेली हायड्रॉलिक कात्री मोठे तुकडे लहान करते. भट्टीला ठराविक माप लागतं, साधारण पाच फूट बाय दोन फुटांच्या आत. मोठा तुकडा भट्टीच्या तोंडात अडकतो. ब्राँझचा पंखा, तांब्याच्या केबली आणि पितळी झडपा आधीच वेगळ्या काढायच्या. त्यांना स्वतंत्र भाव आहे, पण कारण तेवढंच नाही. पोलादात मिसळलेलं तांबं भट्टीत जळून जात नाही, आतच राहतं. पाव टक्क्याच्या आसपास गेलं तरी लाटताना पोलादाच्या पृष्ठभागावर चिरा पडतात, आणि भट्टीवाला अख्खा ट्रक परत पाठवतो.

दुहेरी तळाचे शेवटचे कप्पे सगळ्यांत त्रासदायक. पन्नास-साठ वर्षांच्या बॅलास्टच्या पाण्यानं आणलेला बारीक गाळ तिथं घट्ट बसलेला असतो, कुठं तेल मुरलेलं, कुठं वजनासाठी ओतलेलं काँक्रीट. ते फोडून वेगळं करावं लागतं आणि तेलकट गाळ टाकायला पैसे मोजावे लागतात. खरेदीच्या वेळी 7,000 टन हलकं वजन धरून भाव ठरवला असेल, तर ट्रकांच्या काट्यावर पोलाद तेवढं भरत नाही. लाकूड, लाद्या, रंग, काँक्रीट, गंजून गेलेली जाडी आणि गॅसनं जाळलेली रेष, सगळं त्यातून वजा झालेलं असतं. जाणता भंगारवाला म्हणूनच विकत घेण्याआधी टाकीत उतरतो, हातोडीनं प्लेट ठोकून आवाज ऐकतो, जाडी मोजतो आणि मगच आकडा सांगतो.